तीनचाकी बाबागाडी घेताना आधी पुढचं चाक बघा

प्रश्न: आमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. घरापासून बागेपर्यंतचा रस्ता उखडलेला आहे आणि मध्ये दोन ठिकाणी फूटपाथवरून चढउतार करावी लागते. लहान चाकांची चारचाकी तिथे अडकत राहते, म्हणून तीनचाकी घ्यायचा विचार आहे. दिवसा सासूबाई बाळाला फिरवतील, त्यांची उंची कमी आहे. नवऱ्याला सकाळी बाळाला गाडीत घेऊन पळायला जायचंय, तो चांगला उंच आहे. नणंदेकडे पळण्यासाठीची एक तीनचाकी चार वर्षं पडून आहे, तिचं पुढचं चाक वळत नाही. ती द्यायला त्या तयार आहेत. पण घरात सगळे म्हणतात, तीन चाकांची गाडी उलटते. आमची लिफ्टही अरुंद आहे. काय करावं? – एक आई

उत्तर:

ताई, तुम्हाला एका गाडीकडून तीन कामं हवी आहेत. आत्ता बाळाला आडवं झोपवता आलं पाहिजे, सासूबाईंना ती सहज वळवता आली पाहिजे आणि पुढे पळतानाही नेता आली पाहिजे. ही तिन्ही कामं करणारी तीनचाकी मिळते. तिचं पुढचं चाक एरवी मोकळं फिरतं आणि हवं तेव्हा सरळ रेषेत लॉक करता येतं. टायर हवेचे असतात, पाठ जवळजवळ सपाट होते आणि दांड्याची उंची बदलता येते. ती लिफ्टमध्ये मावत असेल तर तीच घ्या. नणंदेची गाडी निदान आत्ता तरी वापरू नका. आणि पळण्याचा बेत काही महिने पुढे ढकला, यात मात्र तडजोड नको.

आधी उलटण्याबद्दल, कारण ती भीती अगदीच खोटी नाही. तीन चाकं तिवईसारखी असतात, जमीन कितीही ओबडधोबड असली तरी तिन्ही एकदम टेकतात. चारचाकीचं एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिलं की सांगाडा पिळवटतो आणि गाडी डुगडुगते. तीनचाकीत हे होत नाही. पण तीन चाकांमुळे आधाराचा आकार त्रिकोणी होतो, मागे रुंद आणि पुढे निमुळता. समजा मागच्या दोन चाकांत ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढचं चाक मागच्या आसापासून ७५ सेंटिमीटर पुढे आहे. बाळ आणि गाडी यांच्या एकूण वजनाचा मध्य मागच्या आसाच्या १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर तिथे दोन्ही बाजूंना २४-२४ सेंटिमीटर आधार मिळतो. तोच मध्य ३५ सेंटिमीटर पुढे गेला तर आधार उरतो १६ सेंटिमीटरचा. म्हणजे गाडी तीच, पण बाळ जितकं पुढे बसवलेलं तितकी ती कुशीवर जायला सोपी. मध्य जमिनीपासून जितका उंच, तितका हा धोका आणखी वाढतो.

म्हणून गाडी निवडताना ती बाजूने, खाली वाकून बघा. बाळाची बैठक मागच्या आसाच्या जवळ आणि खाली आहे की पुढच्या चाकाच्या दिशेला सरकलेली आणि उंच आहे? पहिली घ्यायची. बैठक मात्र आसाच्या थेट वर किंवा मागे गेलेलीही नको, कारण मग पाठ सपाट केली की सगळा भार मागे जातो आणि गाडी मागे कलंडते. दांड्याला पिशव्या लटकवल्यावर होतं तेही हेच. दोन-तीन किलोची पिशवी दांड्याला अडकवली आणि बाळाला उचलून घेतलं की हलकी गाडी तिथल्या तिथे मागे पडते. सामान नेहमी खालच्या टोपलीत ठेवा. किती किलो चालेल ते टोपलीवर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

दुकानात रिकामी गाडी ढकलून काहीच कळत नाही. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या चार बाटल्या न्या, म्हणजे आठ किलो झाले. त्या एका पिशवीत घट्ट बांधून बैठकीत ठेवा आणि पट्टे लावा. मग एका हाताने इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. दांडा खाली दाबून पुढचं चाक उचला. आठ किलो असताना ते मनगटाच्या जोरावर उचललं गेलं पाहिजे, सगळं अंग टाकावं लागत असेल तर सासूबाईंना फूटपाथ चढवता येणार नाही. आता गाडी एका बाजूला हलकेच कलंडवून बघा. थोडंसं कलंडवताच ती तोल सोडत असेल तर ती गाडी तिथेच ठेवा. हीच परीक्षा पाठ सपाट करूनही घ्या, कारण तुमचं बाळ अजून काही काळ बहुतेक वेळ झोपूनच फिरणार आहे.

आता पुढचं चाक. ढोबळमानाने तीनचाकी दोन जातीच्या असतात. एक शहरी, तिचं पुढचं चाक लहान आणि चहूकडे फिरणारं असतं, टायर बहुधा भरीव फोमचे असतात. दुसरी खास पळण्यासाठीची, तिची चाकं १२ ते १६ इंची, टायर हवेचे आणि पुढचं चाक पक्कं सरळ किंवा लॉक होणारं. पहिल्या जातीतल्या काही गाड्या दिसायला दुसरीसारख्याच असतात आणि नावातही ‘जॉगर’ असतं. नावावर जाऊ नका. युरोपच्या ईएन १८८८ या मानकाप्रमाणे बनवलेल्या आणि पळण्यासाठी नसलेल्या गाडीच्या सूचनांमध्ये ‘ही गाडी पळण्यासाठी किंवा स्केटिंगसाठी योग्य नाही’ असा इशारा असतो. पुस्तिकेत हे वाक्य सापडलं की नवऱ्याने त्या गाडीचा विचार सोडावा, दुकानदार काहीही म्हणो.

मोकळं फिरणारं चाक रोजच्या चालण्याला उत्तम. अरुंद जागेत गाडी जागच्या जागी वळते. पण वेग वाढला की तेच चाक डावी-उजवीकडे थरथरायला लागतं आणि ती थरथर क्षणात दांड्यापर्यंत येते. अशा वेळी खड्डा आला तर चाक आडवं होऊन गाडी जागीच अडते. म्हणून पळताना, उतारावर आणि रेताड किंवा खडीच्या वाटेवर चाक लॉकच हवं. साध्या चालीतही ते थरथरत असेल तर आधी हवा बघा, मग चाक त्याच्या खाचेत पूर्ण बसलंय का ते, आणि शेवटी ज्या खुंटीवर ते फिरतं तिच्यात खेळ आहे का ते. चाक हाताने पुढे-मागे हलवून खडखड ऐकू आली तर खुंटी ढिली झालेली असते.

नणंदेच्या गाडीचं पुढचं चाक वळतच नाही, म्हणजे प्रत्येक वळणाला दांडा दाबून चाक हवेत उचलायचं आणि मागच्या दोन चाकांवर गाडी फिरवायची. सरळ लांब रस्त्यावर पळणाऱ्याला ते चालतं. दारं, लिफ्ट, कोपरे यांतून दिवसातून चार वेळा ये-जा करणाऱ्या आजीला नाही. शिवाय अशा गाड्यांची पाठ बहुधा पूर्ण सपाट होत नाही. वर सांगितलेल्या मानकात जन्मापासून वापरायच्या बैठकीसाठी बूड आणि पाठ यांच्यातला कोन निदान १५० अंश हवा, असा नियम आहे. आधाराशिवाय बसायला बहुतेक बाळांना सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर उभट पाठीच्या गाडीत मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. उशा कोंबून हे सुटत नाही, उलट उशीने मान आणखी पुढे येते.

पळण्याचंही तसंच आहे. पळणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला बसणारा हिसका बाळाच्या मानेपर्यंत पोचतो, आणि साडेचार महिन्यांच्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने जड असतं. बहुतेक उत्पादक सहा ते आठ महिन्यांआधी पळू नका असं सांगतात. आठ महिने धरा, आणि बाळ आधाराशिवाय स्थिर बसतंय, मान नीट सावरतंय हे बालरोगतज्ज्ञांना दाखवून मगच सुरुवात करा. तोवर वडिलांनी भरभर चालावं. पाठ सपाट करून, चाक लॉक करून तेही छान जमतं. कार सीट गाडीच्या सांगाड्यावर बसवून पळणं तर कुठल्याच वयात नको. सीट उंचावर बसते, वजनाचा मध्य वर जातो, आणि वरचा हिशोब बिघडतो.

पळायच्या गाडीत चाकाखेरीज आणखी दोन गोष्टी हव्यात: दांड्यावर हाताचा ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा. हाताचा ब्रेक उतारावर वेग आवरायला असतो, गाडी उभी करून ठेवायला नव्हे. मनगटाचा पट्टा रोज वापरायचा, ‘आज सपाट रस्ता आहे’ म्हणून सोडायचा नाही. पळणारा अडखळून पडला की हात सुटतो, आणि गाडी पुढे जात राहते.

चाक कशाने अडकवलंय तेही बघा. पुष्कळ गाड्यांत पुढचं चाक सायकलसारख्या झटपट उघडणाऱ्या खिट्टीने बसवलेलं असतं. २०१८ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशाच एका तीनचाकीच्या पुढच्या चाकाच्या खिट्टीविरुद्ध तक्रार दाखल केली होती. चालत्या गाडीचं चाक निखळून लहान मुलं आणि मोठी माणसं जखमी झाल्याचे अहवाल होते. ही खिट्टी नटासारखी गरगर फिरवून घट्ट करायची नसते. ती उघडून चाक दोन्ही खाचांत शेवटपर्यंत बसवायचं. मग समोरच्या बाजूचा नट इतका आवळायचा की खिट्टी अर्ध्यावर, म्हणजे आसाच्या सरळ रेषेत आली की तिला जोर लागायला लागेल. तिथून पुढे तळहाताने दाबून पूर्ण बंद करायची. तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे. सहज मिटली तर ती ढिली आहे. शेवटी गाडीचं तोंड उचलून चाकावर वरून दोन-तीन गुद्दे मारा आणि ते जागचं हलत नाही याची खात्री करा. गाडी डिकीत ठेवायला चाक काढलंत की हे सगळं पुन्हा, प्रत्येक वेळी. मागची चाकं बटण दाबून निघतात. ती बसवल्यावर ‘टक्’ आवाज आला तरी बाहेरच्या बाजूला ओढून बघा.

टायर: तुमच्या उखडलेल्या रस्त्यासाठी हवेचेच घ्या. भरीव फोमचे टायर पंक्चर होत नाहीत, पण खडबडीत जागी सगळे धक्के बाळापर्यंत पोचवतात आणि एका बाजूने झिजले की बदलण्यावाचून इलाज नसतो. हवेच्या टायरला निगा लागते. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा २० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान. हातपंपानेच भरा. मोटारीच्या चाकांसाठीच्या मोठ्या कॉम्प्रेसरने एवढीशी ट्यूब काही सेकंदांत फुटते. मागच्या दोन चाकांत हवा सारखी हवी. एकात कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढत जाते आणि माणूस नकळत दिवसभर दांडा उलट दिशेला दाबत राहतो. हवा सारखी करूनही ओढत असेल आणि चाक लॉक असेल, तर पुढच्या चाकाजवळचा सरळ रेषा जुळवायचा स्क्रू शोधा. गाडी सपाट फरशीवर तीन-चार मीटर सोडून बघायची, जिकडे वळते त्याच्या उलट थोडं फिरवायचं, पुन्हा बघायचं.

गाडीबरोबरच एक जादा ट्यूब घेऊन ठेवा. टायरवरचा आकडा उतरवून घ्या, उदाहरणार्थ १२ १/२ × २ १/४ किंवा ६२-२०३ (दोन्हींचा अर्थ एकच). १६ इंचीवर बहुधा ४७-३०५ असं असतं. व्हॉल्व्ह सरळ आहे की वाकडा तेही सांगा. लहान चाकाच्या आऱ्यांमधून पंपाचं तोंड आत शिरत नाही, म्हणून वाकडा व्हॉल्व्ह सोयीचा. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काटा किंवा काचेची चीप बहुतेक वेळा तिथेच रुतलेली असते, आणि ती न काढल्यामुळे नवी ट्यूबही दुसऱ्याच दिवशी बसते.

तुमच्या रस्त्याबद्दल एक लक्षात ठेवा. चारचाकीखालून मधला खड्डा निसटून जातो, तीनचाकीचं पुढचं चाक नेमकं मधोमध चालतं. त्यामुळे नजर गाडीच्या मध्यरेषेवर हवी. गटाराच्या जाळीवरून जाताना फटींना काटकोनात जा, फटींच्या दिशेने गेलात तर चाक आत रुतेल. फूटपाथ चढताना समोरासमोर, दांडा दाबून पुढचं चाक वर, मग मागची दोन्ही चाकं एकदम. उतरताना गाडी फिरवून घ्या आणि तुम्ही आधी उतरून मागची दोन्ही चाकं एकदम खाली घ्या. तिरकं कधीच नाही. तिरकं उतरताना मागचं एकच चाक आधी घसरतं, भार त्रिकोणाच्या अरुंद कडेवर जातो, आणि ज्या उलटण्याला घरचे घाबरतात ते असं होतं. जिन्यावरून न्यायची वेळ आली तर बाळ वेगळं, गाडी वेगळी. सरकत्या जिन्यावर तर नाहीच.

ब्रेक सासूबाईंच्या पायाने तपासून घ्या. एका पावलाने मागची दोन्ही चाकं अडवणारा ब्रेक उत्तम. काही गाड्यांत तो सोडायला पायाचा अंगठा खाली घालून उचलावा लागतो. उघड्या चपलेत ते दुखतं, मग माणसं ब्रेक लावायचाच टाळतात. दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा बघा. पुष्कळ ब्रेकमध्ये आत एक खुंटी चाकाच्या खाचेत जाऊन बसते. पाय दाबला तरी खुंटी दोन खाचांच्या मध्ये राहू शकते, म्हणून ब्रेक लावला की गाडी दोन्ही दिशांना थोडी ढकलून बघायची सवय सगळ्यांनीच लावून घ्या.

दांड्याची उंची साधारण बेंबी ते कोपर यांच्या दरम्यान यावी. आत-बाहेर सरकून लांब होणारा दांडा तुमच्या घरी जास्त सोयीचा. वर-खाली वळणारा दांडा पूर्ण वर केला की गाडीच्या जवळ येतो आणि उंच माणसाच्या नडग्या मागच्या आसाला किंवा ब्रेकच्या दांडीला लागतात. नवऱ्याला दुकानात नेऊन लांब ढांगा टाकत दहा-बारा पावलं चालायला लावा. चालताना पाय लागत असेल तर पळताना लागणारच.

लिफ्टचं माप घ्यायला टेप लागतो, अंदाज नको. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी राहणारी रुंदी मोजा आणि त्यातून चार सेंटिमीटर वजा करा. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा त्यात बसल्या पाहिजेत. बऱ्याच तीनचाकी ५८ ते ६५ सेंटिमीटर रुंद असतात. मग आतली खोली मोजा. लांबी १०० ते १२० सेंटिमीटर असते आणि तिच्यामागे माणूसही उभा राहायचाय, दार बंद व्हायचंय. हे जमत नसेल तर तीनचाकीचा हट्ट सोडा आणि मोठ्या मागच्या चाकांची, अरुंद चारचाकी बघा. रोज लिफ्टपाशी गाडी मिटून बाळ काखेत घ्यायचं, हे सासूबाईंना झेपणार नाही.

पट्टे पाच टोकांचेच: दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधला. खांद्याजवळ पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सपाट जातील इतके घट्ट. पायांमधला पट्टा लावल्याशिवाय बाळ खाली घसरतं आणि खांद्याचे पट्टे मानेशी येतात. बाळ झोपलं म्हणून पट्टे सोडू नका. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं पांघरायचं नाही, आतली हवा कोंडते आणि झपाट्याने तापते. सावली हवी असेल तर मोठं छत असलेली गाडी घ्या.

वजनाची मर्यादा पुस्तिकेत बघा. ईएन १८८८ चा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा २२ किलोपर्यंत. तीन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १४ किलोच्या आसपास असतं, म्हणजे १५ किलोची गाडी तुम्हाला जेमतेम तिथवर पुरेल. पळायची असेल तर २२ किलोची घेतलेली बरी.

राहता राहिली नणंदेची गाडी. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झाल्यावर फक्त पळण्यासाठी ती घ्यायची असेल तर आधी उलटी करून खालची चिठ्ठी वाचा, मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख टिपून घ्या आणि उत्पादकाने ते मॉडेल परत मागवलंय का ते तपासा. चार वर्षं पडून राहिलेल्या टायरच्या कडांना बारीक भेगा पडतात. असतील तर टायर आणि ट्यूब दोन्ही बदला. सांगाड्याच्या प्रत्येक वेल्डिंगवर आणि घडीच्या जोडावर नख फिरवा, तडा नखाला लागतो. बकल पन्नास वेळा लावून-सोडून बघा, एकदाही न लागता ‘लागल्यासारखं’ वाटलं तर पट्टे नवे मागवा. गाडी उघडून खटका बसवल्यावर दांडा वर-खाली हिसडा, ती थोडीही मिटायला लागली तर ती गाडी दुरुस्त करत बसू नका, भंगारात द्या. हे सगळं नीट निघालं तर चाकं काढून आस कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा फवारा मारा. साधं तेल घालू नका, त्याला धूळ चिकटून बेअरिंग खराब होतं. आणि गाडी उघडताना-मिटताना बाळ नेहमी दुसऱ्या कुणाकडे किंवा दोन हात लांब ठेवा, कारण घडीचे जोड कात्रीसारखे मिटतात आणि रांगायला लागलेल्या बाळाची बोटं नेमकी तिथेच जातात.